गजाली मारणारा ओलामा: लिनक्सवर बसवायचा कसा आणि मुळासकट काढायचा कसा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास लाईट आली, लॅपटॉप चालू केला तर कोपऱ्यात मेसेज, डिस्कवर जागा संपत आलीय म्हणून. मला काही कळेना, कारण आदल्या आठवड्यातच मी त्यावरचा चॅटबॉट काढून टाकला होता, निदान माझी तरी तशी समजूत होती. प्रत्यक्षात मी काढली होती फक्त एक फाईल. बाकी सगळा पसारा जिथल्या तिथे, आणि त्यात नऊ जीबीची मॉडेल्स. तेव्हापासून एक वही केलीय, लिनक्सवर काहीही बसवलं की ते कुठे कुठे पसरलं ते त्यात लिहायचं, म्हणजे काढताना डोकं खाजवत बसायला नको. खाली जे लिहितोय ते त्या वहीतलंच आहे, फक्त जरा सविस्तर.

आमचं मालवणजवळ चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांचे मेल इंग्रजीत येतात, हिंदीत येतात, उत्तरं लिहायला वेळ लागतो, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे नेटचा काय भरवसा नसतो. पाऊस लागला की टॉवर जातो, लाईट जाते, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं तेव्हा तर कित्येक दिवस दोन्ही नव्हतं. म्हणून नेटशिवाय चालणारा, लॅपटॉपवरच बसणारा चॅटबॉट हवा होता. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, १२८ जीबीची एसएसडी, वर लिनक्स मिंट. उबुंटू किंवा डेबियन असेल तरी हेच सगळं लागू आहे.

कमांडबद्दल एक. मी त्या देवनागरीत लिहितोय, तुम्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या, आकडेसुद्धा इंग्रजीच. सुरुवातीला सुडो असेल तर ती कमांड अ‍ॅडमिनच्या हक्काने चालते. जिथे स्पेलिंगचा गोंधळ होईल तिथे फोड करून सांगतो. थोडा त्रास आहे मान्य, पण कुठूनतरी उचललेली कमांड न वाचता चिकटवायची आणि एंटर मारायचा ही सवय जितकी लवकर सुटेल तितकं बरं, काढण्याच्या भागात आलात की कळेल का म्हणतोय ते.

आधी एक छोटा सराव, ज्यांनी पॅकेज बसवणं काढणं कधी केलंच नाही त्यांच्यासाठी. मेगाहॅल नावाचा एक जुना चॅटबॉट आहे, जेसन हचेन्स याने लिहिलेला, १९९८ च्या लोबनर या चॅटबॉटांच्या स्पर्धेत उतरवलेला. त्याला अक्कल अशी नाही, तुम्ही जी वाक्यं टाईप कराल त्यातले शब्द एकापुढे एक कसे येतात ते लक्षात ठेवतो आणि तेच तोडून जोडून परत फेकतो. म्हणजे आमच्या नाक्यावर काही मंडळी बसतात त्यातलाच प्रकार. पण आकाराने चिमुकला, त्यामुळे सरावाला झकास.

अ‍ॅप्ट सर्च मेगाहॅल

असं करून तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे अ‍ॅप्ट हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम जिथून पॅकेजेस आणतो त्या साठ्यात, आहे का बघा, नसेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. असेल तर,

सुडो अ‍ॅप्ट अपडेट
सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल मेगाहॅल

आणि मग लगेच,

डीपीकेजी -एल मेगाहॅल

यातला एल मोठा, म्हणजे कॅपिटल. ही कमांड त्या पॅकेजने कुठे कुठे फाईली टाकल्या त्याची यादी देते. माझ्या मते बसवल्यावर पहिली हीच मारावी. मेगाहॅलशी बोलताना वाक्य संपलं की एंटर दोनदा दाबायचा, एकदाच दाबून लोक वाट बघत बसतात. कंटाळा आला की काढायला दोन पर्याय, अ‍ॅप्ट रिमूव्ह आणि अ‍ॅप्ट पर्ज. रिमूव्ह प्रोग्राम काढतो पण सिस्टममधल्या सेटिंगच्या फाईली मागे ठेवतो, म्हणजे उद्या परत बसवलंत तर जुनी सेटिंग मिळावी. पर्ज त्याही काढतो. नंतर सुडो अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह मारलं की त्या पॅकेजबरोबर आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस जातात, मात्र यादी वाचा आणि मगच वाय दाबा. आणि हे तीनही तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाहीत. तिथे प्रोग्रामने काही साठवलं असेल, मेगाहॅलच्या बाबतीत त्याचा शिकलेला मेंदू, तर तो तुम्हीच शोधायचा आणि तुम्हीच पुसायचा.

हे अ‍ॅप्टचं झालं, आणि अ‍ॅप्ट म्हणजे निदान हिशेब ठेवणारा माणूस, काय आणलं आणि कुठे ठेवलं हे त्याला माहीत असतं. ओलामा अ‍ॅप्टमधून बसत नाही, त्याच्या स्क्रिप्टने बसतो, म्हणजे हिशेब ठेवणारा कुणी नाही, तो तुम्ही ठेवायचा.

तर ओलामा. स्पेलिंग ओ, एल, एल, ए, एम, ए, एल दोनदा. ओलामा हा स्वतः चॅटबॉट नाही खरंतर, तो मॉडेल चालवणारा प्रोग्राम आहे, आणि बोलतं ते मॉडेल वेगळं उतरवावं लागतं. काढताना गडबड होते ती हे दोन वेगळे आहेत हे विसरल्यामुळेच.

बसवायच्या आधी तीन गोष्टी तपासा. युनेम -एम टाकलंत की एक्स८६_६४ किंवा एआर्च६४ असं काहीतरी यायला हवं, ३२ बिटचं जुनं मशीन असेल तर त्यावर हे होणार नाही, उगीच डेटा जाळू नका. फ्री -एच टाकून रॅम बघा. ४ जीबी असेल तर अगदी लहान मॉडेलवर समाधान मानावं लागेल, ८ असेल तर मध्यम चालेल, ७ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलला निदान ८ जीबी हवी असं ओलामावालेच सांगतात. आणि डीएफ -एच टाकून रूट पार्टिशनवर किती जागा आहे ते बघा, होमवर नाही, रूटवर, म्हणजे जिथे नुसती तिरकी रेघ दिसते तिथे. मॉडेल्स तिकडेच जाऊन बसतात. ज्यांनी रूटला २०-२५ जीबी देऊन बाकी सगळं होमला दिलंय त्यांनी इथेच थांबून विचार करा. आणि त्या दिवशीचा मोकळ्या जागेचा आकडा वहीत लिहा, शेवटी लागणार आहे.

आता स्क्रिप्ट. सगळीकडे एक लांबलचक ओळ सांगतात, जी स्क्रिप्ट उतरवते आणि न दाखवता थेट चालवते. चालते ती, पण मला पटत नाही. अनोळखी माणसाला घराची चावी देण्याआधी निदान त्याचं तोंड तरी बघावं. म्हणून दोन तुकड्यांत,

सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल कर्ल
डब्ल्यूगेट एचटीटीपीएस://ओलामा.कॉम/इन्स्टॉल.एसएच
लेस इन्स्टॉल.एसएच

कर्ल म्हणजे सी, यू, आर, एल, स्क्रिप्टला आतून तोच लागतो आणि बऱ्याच ठिकाणी आधीपासून नसतो. लेस मध्ये फाईल वर खाली वाचता येते, बाहेर पडायला क्यू. सगळं समजलं नाही तरी चालेल, पण फाईलींचे पत्ते दिसतील आणि युजरअ‍ॅड असा शब्द दिसेल, म्हणजे ही स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर एक नवीन युजरसुद्धा बनवणार आहे. वाचून झालं की,

एसएच इन्स्टॉल.एसएच

पासवर्ड मागेल, द्या. आणि आता धीर धरा, कारण हे डाउनलोड जीबीच्या पुढे जातं, ग्राफिक्स कार्डाच्या लायब्ररी बरोबर येतात म्हणून. आमच्यासारख्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे हे डाउनलोड मधेच तुटलं तर स्क्रिप्ट पहिल्यापासून सुरू करते, उरलेलं पुढे उतरवत नाही. मी दोन वेळा ८० टक्क्यांवर तुटलेलं बघितलंय आणि तिसऱ्यांदा पहाटे पाचला, मच्छीमारांच्या होड्या परत यायच्या वेळेला, जेव्हा सगळं गाव मोबाईल बाजूला ठेवून झोपलेलं असतं तेव्हा लावलं, वीस मिनिटांत झालं. शेवटी ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही, सीपीयूवरच चालेल अशी ताकीद येईल, जुन्या लॅपटॉपवर ती येणारच, घाबरू नका.

झालं का ते बघायला ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:११४३४ असा पत्ता टाका, ओलामा इज रनिंग एवढी एक ओळ आली की बसला.

आणि आता वही काढा. स्क्रिप्टने काय काय केलं ते लिहून ठेवा. मुख्य प्रोग्राम बहुतेक /युएसआर/लोकल/बिन/ओलामा इथे, पण विच ओलामा टाकून खात्री करा, क्वचित /युएसआर/बिन मध्ये पण असतो. लायब्ररी /युएसआर/लोकल/लिब/ओलामा या फोल्डरमध्ये. सर्व्हिसची, म्हणजे मागे आपोआप चालू राहणाऱ्या प्रोग्रामची, फाईल /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ओलामा.सर्व्हिस. ओलामा नावाचा एक युजर आणि त्याच नावाचा ग्रुप, आणि त्या ग्रुपात तुम्हालाही घातलेलं असतं. त्या युजरचं घर म्हणजे /युएसआर/शेअर/ओलामा, मॉडेल्स त्याच्या आत एका लपलेल्या फोल्डरमध्ये. पाच नोंदी झाल्या. सहावी नंतर तयार होते, तुमच्या होममध्ये .ओलामा नावाचं, पुढे टिंब असलेलं लपलेलं फोल्डर, त्यात एक चावीची फाईल आणि तुम्ही टाईप केलेल्या प्रश्नांची हिस्टरी. ही सहावी जवळजवळ सगळे विसरतात, आणि खाजगी म्हणावं असं काही असेल तर ते नेमकं तिथेच असतं.

मॉडेल कुठलं घ्यावं यावर वाद घालणारे भरपूर आहेत, मी माझ्यापुरतं सांगतो. गूगलचं जेमा३ घ्या, स्पेलिंग जी, ई, एम, एम, ए आणि ३. त्याचं १बी, म्हणजे १ अब्ज पॅरामीटरचं, मॉडेल ८१५ एमबीचं आहे, पटकन उतरतं, पण ते मुळात इंग्रजीसाठी आहे, मराठीत विचारलंत तर काहीही बरळतं. ४बी वालं ३.३ जीबीचं, त्याला बऱ्याच भाषा येतात, मराठी कामचलाऊ येते. मेटाचं लामा३.२ साधारण २ जीबीचं, इंग्रजी मेल लिहायला ठीक. ८ जीबी रॅमवर ४बीच्या वर जाऊ नका, ब्राउझर पण उघडा असतो आपला.

ओलामा पुल जेमा३:४बी

इथे एक चांगली बातमी आणि एक गोम आहे. चांगली बातमी ही की हे डाउनलोड तुटलं तर तीच कमांड परत मारायची, जिथे राहिलं तिथून पुढे चालू होतं. गोम अशी की ओलामाची सर्व्हिस जर मधेच बंद होऊन परत सुरू झाली तर सुरू होताना ती अर्धवट उतरलेले तुकडे कचरा समजून साफ करते. म्हणजे नुसतं नेट गेलं तर वाचलात, पण लाईट गेली, बॅटरी संपली, लॅपटॉप बंद पडून परत चालू केला, तर ३ जीबीपैकी उतरलेलं २.८ जीबी गेलं समुद्रात. कोकणात पावसाळ्यात हे होणारच, होणारच म्हणजे होणारच, म्हणून पुल करायच्या आधीच ही सेटिंग करा,

सुडो सिस्टमसीटीएल एडिट ओलामा.सर्व्हिस

एक एडिटर उघडतो, त्यात वर लिहिलेलं असतं की या ओळीच्या आणि खालच्या ओळीच्या मधे लिहा. बरोबर तिथेच लिहा, खाली लिहिलंत तर सेव्ह करताना ते टाकून देतात, माझे पहिले दोन प्रयत्न त्यातच गेले. दोन ओळी,

[सर्व्हिस]
एन्व्हायर्नमेंट="ओलामा_नोप्रून=१"

सर्व्हिस आणि एन्व्हायर्नमेंट यांचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, अवतरण चिन्हातलं नाव मात्र सगळं कॅपिटल, नोप्रून म्हणजे एन, ओ, पी, आर, यू, एन, ई, सलग. सेव्ह करून बाहेर या आणि,

सुडो सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ओलामा

डिमनचं स्पेलिंग डी, ए, ई, एम, ओ, एन. आता मशीन बंद पडलं तरी अर्धे तुकडे राहतात. मूळ सर्व्हिस फाईलमध्ये हात घालून हेच करता येतं, पण अपडेटसाठी तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागते आणि ती मूळ फाईल नव्याने लिहून टाकते, तुमचा बदल गायब. या एडिट कमांडने जे लिहिलं ते वेगळ्या फोल्डरात राहतं, /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ओलामा.सर्व्हिस.डी, आणि ही झाली वहीतली सातवी नोंद.

मॉडेल उतरलं की,

ओलामा रन जेमा३:४बी

आणि लिहायला लागा. बाहेर पडायला /बाय. आधीचं बोलणं विसरायला लावायचं असेल तर /क्लिअर. पहिलं उत्तर यायला वेळ लागतो कारण मॉडेल रॅममध्ये चढतंय, नंतर शब्द शब्द करत येतं, आमच्या लॅपटॉपवर चहा ढवळून होईपर्यंत एक परिच्छेद. बोलणं थांबवल्यावर ५ मिनिटं मॉडेल रॅममध्येच बसून राहतं, लॅपटॉप जड वाटला तर ओलामा पीएस टाकून बघा, आणि ओलामा स्टॉप जेमा३:४बी करून उतरवा.

उत्तरांवर किती विश्वास ठेवावा हे एका उदाहरणात सांगतो. मी एका छोट्या मॉडेलला, कुठलं ते जाऊ दे, आमचं मेनूकार्ड इंग्रजीत करायला दिलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं याचं त्याने केलं थर्ड ड्राय. मोरी मसाल्याचं तर बाथरूम ड्रेन मसाला. मोरी म्हणजे आमच्याकडे मुशी, शार्क, पण त्याला माहीत ती भांडी घासायची मोरी. भाचा शेजारी बसून बघत होता, म्हणाला, मामा, मोरी म्हणजे काय ता ह्येका खंय ठावक! आणि गंमत म्हणजे मॉडेलला चूक दाखवली की ते माफी मागतं आणि तितक्याच ठामपणे दुसरं चुकीचं सांगतं. तेव्हा मेलचा मसुदा, पत्राची भाषा नीट करणं, लांब मजकुराचा गोषवारा एवढ्याला वापरा. होडीची वेळ, भरती-ओहोटी, औषध हे त्याला विचारू नका.

होमस्टे, सायबर कॅफे, ऑफिस असं काही असेल तर आणखी एक. ओलामा मुळात फक्त त्याच मशीनवरून बोलणं ऐकतो, बाहेरून नाही, आणि ते तसंच राहू द्या. ओलामा_होस्ट ही सेटिंग ०.०.०.० करून घरातल्या सगळ्या फोनवरून वापरा असे सल्ले मिळतात. त्यात पासवर्ड वगैरे काही नसतो, म्हणजे आमच्या वायफायवर असलेला कुठलाही पाहुणा माझ्या लॅपटॉपवर मॉडेल उतरवू शकतो किंवा असलेलं पुसू शकतो. घरच्या घरी, चार माणसांत ठीक, पाहुण्यांच्या वायफायवर नको.

रोज लागत नसेल तर लॅपटॉपबरोबर आपोआप चालू होणं बंद करा, सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल ओलामा, आणि लागेल तेव्हा डिसेबलच्या जागी स्टार्ट. काढून टाकायचा विचार रॅम खातो म्हणून असेल तर आधी एवढंच करून बघा, पुष्कळदा भागतं.

आता काढणं. आंब्यावरचं बांडगूळ ज्यांनी काढलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, नुसती वरची पानं छाटली की चार महिन्यांत पुन्हा फुटतं, फांदी खालून कापावी लागते. मी नेमकी पानं छाटली होती. विच ओलामा करून जी फाईल दिसली ती उडवली, ओलामा टाईप केल्यावर कमांड नाही असं आलं, मी खूश. मॉडेल्स राहिलीच, वर आणखी एक झालं. सर्व्हिसच्या फाईलीत लिहिलेलं असतं की बंद पडलो तर ३ सेकंदांनी परत उठव. आता उठवायला प्रोग्रामच नाही, तर लॅपटॉप चालू केल्यापासून दर तीन सेकंदांनी सर्व्हिस उठायचा प्रयत्न करतेय, आपटतेय, परत उठतेय, आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, चार ओळी लिहितेय, आठवडाभर. चूक माझीच, स्क्रिप्ट वाचली असती तर कळलं असतं. म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि फाईल उडवणं सगळ्यात शेवटाकडे.

पहिल्यांदा, सर्व्हिस चालू असतानाच, मॉडेल्स काढा.

ओलामा लिस्ट
ओलामा आरएम जेमा३:४बी

लिस्टमध्ये जी नावं येतील ती एकेक. ही कमांड सर्व्हिसशी बोलूनच काम करते, आधी सर्व्हिस बंद केलीत तर चालणार नाही. तुम्ही म्हणाल नंतर सगळं फोल्डरच उडवणार आहोत तर हे कशाला, तर ज्यांनी ओलामा_मॉडेल्स सेटिंगने मॉडेल्स दुसऱ्या डिस्कवर हलवली असतील त्यांची इथेच जातात, नाहीतर ती तिकडे पडून राहतात.

मग सर्व्हिस.

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप ओलामा
सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल ओलामा
सुडो आरएम /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ओलामा.सर्व्हिस
सुडो आरएम -आर /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ओलामा.सर्व्हिस.डी
सुडो सिस्टमसीटीएल डिमन-रीलोड

चौथी ओळ फक्त ज्यांनी वरची नोप्रूनची किंवा तसली सेटिंग केली असेल त्यांच्यासाठी, बाकीच्यांना असं फोल्डर नाही म्हणून सांगेल, सोडून द्या.

इथून पुढे सुडो आरएम -आर जरा जास्त सांभाळून. /युएसआर/शेअर/ओलामा लिहिताना युएसआरनंतर चुकून स्पेस पडली तर ती कमांड दोन वेगळे पत्ते समजते आणि पहिला पत्ता असतो आख्खं /युएसआर. म्हणजे सिस्टमच गेली. कुणी विचारणार नाही की नक्की का म्हणून. माझी युक्ती अशी, आधी त्याच पत्त्यावर नुसतं एलएस मारायचं,

एलएस /युएसआर/शेअर/ओलामा

एरर न येता आलं म्हणजे पत्ता बरोबर, एका जागेचंच दिसलं पाहिजे, दोन जागांची यादी आली तर स्पेस पडलीय. मॉडेल्स लपलेल्या फोल्डरात असल्यामुळे काहीच दिसलं नाही तरी चालेल. मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणायची, ओळीच्या सुरुवातीला जायचं आणि एलएसच्या जागी सुडो आरएम -आर लिहायचं. पत्ता पुन्हा टाईप करायचाच नाही. आरएमच्या बाबतीत आळस चांगला.

या पद्धतीने लायब्ररीचं फोल्डर /युएसआर/लोकल/लिब/ओलामा, मग प्रोग्रामची फाईल जी विच ओलामाने दाखवली ती, मग /युएसआर/शेअर/ओलामा. विच आधी मारून पत्ता वहीत उतरवून घ्या, फाईल गेल्यावर विच काही सांगणार नाही.

मग युजर आणि ग्रुप.

सुडो युजरडेल ओलामा
सुडो ग्रुपडेल ओलामा

युजर काढताना ग्रुपमध्ये आणखी माणसं आहेत म्हणून ग्रुप ठेवला असं काहीतरी म्हणेल, ती आणखी माणसं म्हणजे तुम्हीच, दुसरी ओळ त्यासाठी. ग्रुप नाहीच असं दुसरीने सांगितलं तर आधीच गेला, बरं झालं.

आणि सहावी नोंद, होममधली. एलएस -ए टाकलं की लपलेली फोल्डरं दिसतात, .ओलामा शोधा. ही तुमचीच आहे, सुडो लागत नाही,

आरएम -आर ~/.ओलामा

लॅपटॉप विकायचा किंवा पोरांना द्यायचा म्हणून काढत असाल तर हे फोल्डर सगळ्यात आधी काढा म्हणेन मी, पाहुण्यांची नावं घालून लिहिलेले प्रश्न त्यात असतात.

ज्यांनी स्क्रिप्टच्या भानगडीत न पडता अल्पाका नावाचा खिडकीवाला चॅट प्रोग्राम फ्लॅटपॅक या पॅकेजच्या दुसऱ्या पद्धतीतून घेतला असेल त्यांचं सोपं आहे. फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --डिलीट-डेटा आणि पुढे त्याचं नाव. डिलीट-डेटा विसरलात तर उतरवलेली मॉडेल्स होममधल्या .व्हार/अ‍ॅप मध्ये राहतात, गोष्ट तीच. उबुंटूवर स्नॅपमधून काही घेतलं असेल तर सुडो स्नॅप रिमूव्ह --पर्ज, कारण नुसत्या रिमूव्हने स्नॅप तुमच्या डेटाची एक प्रत बाजूला ठेवतो, ३१ दिवस, आणि जागा का मोकळी झाली नाही म्हणून तुम्ही शोधत बसता.

आता तपासणी. ओलामा टाईप करा. कमांड सापडत नाही असं यायला हवं, पण त्याच जुन्या टर्मिनलमध्ये कधीकधी /युएसआर/लोकल/बिन/ओलामा अशी फाईल नाही असं येतं. ते भूत नाही, टर्मिनलमधल्या बॅशने, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने, जुना पत्ता लक्षात ठेवलाय, हॅश -आर मारा किंवा टर्मिनल बंद करून उघडा. मग,

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाईल्स | ग्रेप ओलामा
सुडो फाइंड / -आयनेम '*ओलामा*' २>/डेव्ह/नल

पहिली रिकामी यायला हवी. दुसरीला वेळ लागतो, ती सगळी डिस्क धुंडाळते, आणि तुम्ही उतरवलेली एखादी फाईल वगैरे दाखवेल, ती बघून ठरवा. माझ्यासारखी लॉग भरायची भानगड झाली असेल तर जर्नलसीटीएल --डिस्क-युसेज टाकून किती साठलंय ते बघा आणि,

सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साईज=२००एम

एवढ्यावर आणा.

शेवटी डीएफ -एच, आणि वहीतला पहिल्या दिवशीचा आकडा बाजूला धरून बघा. दोन आकड्यांत थोडा फरक राहील, मधल्या काळात अपडेट आलेली असतात, फोटो टाकलेले असतात. पण फरक जर तीन जीबी, पाच जीबी असा नेमका एखाद्या मॉडेलएवढा असेल तर ते कुठेतरी आहे अजून. सुडो डीयू -एसएच /युएसआर/शेअर/* पासून सुरुवात करा, माझं तिथेच सापडलं होतं.